मालकाच्या तोंडचा आकडा

सरकारी नोकरीत एक मोठी सोय असते, काम सहसा अंगावर येत नाही. ही सोय मी बरीच वर्षं नीट सांभाळली होती. पण त्या सोमवारी लिटिया मॅडमनी मला आत बोलावून खुर्ची दिली. फिजीतल्या आमच्या लंबासाच्या कचेरीत वरिष्ठांनी खुर्ची दिली की समजावं, काहीतरी गळ्यात पडणार आहे.

"शिव," मॅडम म्हणाल्या, "तुला पगारवाढ हवी की नको?"

हा काय प्रश्न झाला? मी नुसता हसलो.

"राजधानीतले सुवावाले म्हणतात, आधी दाखवा. जे काम तुम्ही करता त्याच कामाला खाजगी कंपनीत किती देतात ते विचारून या. तिथे जास्त देत असतील तर सरकार वाढवेल. कमी देत असतील तर सरकार म्हणेल, तुम्ही आधीच मजेत आहात, गप्प बसा."

"मॅडम, कमीच देतात. गावातलं शेंबडं पोरही सांगेल."

"ते तू कशाला ठरवतोस? तू जा आणि विचार. पुढच्या सोमवारी कागद सुवाच्या विमानात बसला पाहिजे. आणि शिव, आकडे खरे आण. पण खरे आणताना जरा वरचे बघून आण."

यादीत ड्रायव्हर होता, टायपिस्ट होती, पहारेकरी होता, आणि शेवटी होता हिशेबाचा कारकून. म्हणजे मी. माझ्या कामाचा खाजगीतला जोडीदार शोधायला मला लांब जायची गरज नव्हती, कारण तो रोज माझ्याच शेजारी घोरायचा. माझी बायको राजमती ही चिनसामी बॉसच्या बस कंपनीत हिशेब लिहिते. मी सरकारी रस्त्यांच्या खडीचा हिशेब लिहितो, ती बसच्या तिकिटांचा. ती माझ्यापेक्षा भराभर लिहिते आणि तिची बेरीज पहिल्यांदाच बरोबर येते. मला आठवड्याला दोनशे नव्वद डॉलर मिळतात आणि तिला दीडशे.

दर दिवाळीनंतर ती बॉसकडे वाढ मागायला जायची, आणि दर दिवाळीनंतर चिनसामी बॉस तेच सांगायचा. "राजमतीताई, तुझा नवरा सरकारी. सरकारचा पगार कशातून होतो? टॅक्समधून. टॅक्स कोण भरतो? मी. म्हणजे तुमच्या एका घरात मी दोन पगार देतोय. आणखी किती देऊ?" या युक्तिवादात कुठेतरी गडबड आहे हे तिला कळायचं, पण बॉस इतक्या दुखावलेल्या चेहऱ्याने बोलायचा की तीच त्याला चहा करून द्यायची.

या वर्षी मात्र तिने चहा दिला नव्हता. घरी येऊन मला सांगितलं होतं, "वर्ष संपायच्या आत वाढ नाही झाली तर मी ऑकलंडला ताईकडे जाते. तिथे म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला याच्या चौपट देतात." बाकीच्यांच्या बायका असं बोलतात आणि विसरतात. माझी बायको बोलली की करते. पासपोर्टचे फोटो काढूनही झाले होते, आणि त्या फोटोत ती चांगली दिसत होती ही आणखी काळजीची गोष्ट. मला ती जायला नको होती. याचं कारण स्वयंपाक नव्हे, स्वयंपाक मला येतो. ती नसली की संध्याकाळी घरात बोलायचं कोणाशी, हे मला कळत नव्हतं.

तर त्या सोमवारी जेवताना मी घसा साफ केला आणि सरकारी आवाजात विचारलं, "आपल्याला आठवड्याला काय वेतन मिळतं?"

"कोणाला?" राजमती म्हणाली.

"म्हणजे तुला. सरकार विचारतंय."

"सरकारला सांगा, मी कंपनीची माणूस आहे. मालकाच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही. भात घ्या."

दुसऱ्या दिवशी मॅडमनीही तिचीच री ओढली. बायकोचं ऐकून सरकारी आकडा लिहिला तर सुवावाले हसतील. आकडा मालकाच्या तोंडून यायला हवा, आणि जो आकडा मालकाच्या तोंडून येईल तोच सरकार धरेल, असं नियमातच होतं.

मग मी टाय लावला. लंबासात भर दुपारी टाय लावून फिरणारा माणूस एक तर धर्मप्रचारक असतो नाहीतर टॅक्सवाला. पहिल्या दुकानात मी शिरलो तेव्हा मालक मागच्या दाराने निघून गेला. दुसऱ्या ठिकाणी मालकाने सांगितलं की मालक बाहेरगावी गेलाय. लाकडाच्या गिरणीत मला खुर्ची, नारळपाणी आणि पंखा मिळाला, पण पगाराचा विषय काढताच पलीकडची करवत सुरू झाली आणि मी उठेपर्यंत थांबली नाही. याकूब भाईंकडे गेलो. याकूब भाई म्हणजे गावातल्या दुसऱ्या बस कंपनीचे मालक, चिनसामी बॉसचे पक्के वैरी. सावुसावूच्या रस्त्यावरची सकाळची फेरी कोणाची यावरून दोघांत बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. याकूब भाईंनी मला नव्या बसचा भोंगा वाजवून दाखवला. "पगार विचारता, भैया? आम्ही तर एका कुटुंबासारखे राहतो," ते म्हणाले. कुटुंबात पगार नसतो हे खरंच आहे.

शेवटी चिनसामी बॉसकडे गेलो. तिथे तर माझी बायकोच समोर बसलेली. तिने मान वर न करता विचारलं, "काय काम आहे आपलं?" मी नाव सांगितलं. "कोणत्या खात्यातून?" मी खातं सांगितलं. "बसा." मी अर्धा तास बसलो. स्वतःच्या बायकोसमोर ताटकळत बसण्याचा अनुभव घरीही येतो, पण तिथे निदान टाय नसतो. बॉसने आत घेतलं, बिस्किटं दिली, माझ्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि पगाराच्या प्रश्नावर म्हणाला, "शिव भैया, तुझ्या घरात दोन पगार देणारा मी माणूस. मलाच कसला हिशेब विचारतोस?"

संध्याकाळी मी पायरीवर टाय सोडून बसलो होतो, तेव्हा शेजारचे इनोके मास्तर कुंपणापाशी आले. मास्तर निवृत्त हेडमास्तर. अर्धं लंबासा त्यांच्या हातचा मार खाऊन शिकलेलं, त्यात चिनसामी आणि याकूब हे दोघंही होते.

"किती आकडे मिळाले?" मास्तरांनी विचारलं.

"एकही नाही."

"हातात काय घेऊन गेला होतास?"

"सरकारी पत्र."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा पाढे म्हणावेसे वाटले. "अरे, रिकाम्या हाताने जाऊन माणसाला त्याच्या पोटातलं विचारतात का? इतकी वर्षं फिजीत जन्म काढून हेच शिकलास? नंगोनाचा जुडगा ने. माणूस बसला, दोन करवंट्या पोटात गेल्या, की मग विचार. शनिवारी दुपारी माझ्या छपरीत बसू. दोघांना मी बोलावतो."

"मास्तर, ते दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

"मी बोलावलंय म्हटल्यावर बघतील. दोघांनाही एकाच बाकावर उभं केलेलं आहे मी."

राहिला प्रश्न जुडग्याचा. नंगोना म्हणजे कुटून, पाण्यात कालवून प्यायच्या मुळ्या, आणि चांगल्या मुळ्या आता सोन्याच्या भावाला गेल्या आहेत. कचेरीत अर्ज केला, तर खरेदीवाला म्हणाला की सर्वेक्षणासाठी फक्त लेखनसाहित्य घेता येतं. मी म्हटलं, यानेच लिहून होणार आहे. तो म्हणाला, मग शाईच्या नावावर टाका, पण एवढी शाई कशी संपली ते लेखी द्यावं लागेल. कचेरीतल्या प्रत्येकाने सल्ला मात्र फुकट दिला. टायपिस्ट म्हणाली, कादावू बेटावरच्या मुळ्या घ्या, जिभा लवकर सैल होतात. शिपाई म्हणाला, मुळ्या साध्याच घ्या पण पाणी कमी घाला. सगळ्यांची वाढ माझ्या त्या जुडग्यावर अवलंबून होती, पण खिशात हात कोणीच घातला नाही. शेवटी माझ्याच पैशांनी जुडगा आला. राजमतीने तो उचलून पाहिला आणि म्हणाली, "वाढ मिळायच्या आधीच खर्च झाली."

शनिवारी मास्तरांच्या छपरीत चटई टाकली. मधोमध लाकडाचं मोठं पातेलं. चिनसामी बॉस इस्त्रीचा बुशशर्ट घालून आला, सोबत त्याचा ड्रायव्हर बिसुन. याकूब भाई अत्तर लावून आले, सोबत त्यांचे दोन ड्रायव्हर. मुळ्या कुटायला आणि कालवायला माणसं लागतात, मालक स्वतः थोडंच करतात. पलीकडे ओसरीवर मास्तरांच्या बायकोसोबत राजमती कसाव्याचे कंद सोलत बसली होती. मी जुडगा मास्तरांपुढे ठेवला, चार शब्द बोललो, सगळ्यांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. इथपर्यंत सरकारी कामकाज इतकं सुरळीत मी कधी पाहिलं नव्हतं.

बिसुनने करवंटी भरायला घेतली. "भरती की ओहोटी?" त्याने बॉसला विचारलं, म्हणजे करवंटी काठोकाठ की अर्धी.

"भरती," चिनसामी म्हणाला.

"मलाही भरतीच," याकूब भाई म्हणाले. तिथेच मला कळायला हवं होतं.

पहिल्या काही फेऱ्या शांततेत गेल्या. ओठ बधिर झाले, ऊन उतरलं, मास्तरांनी दोघांच्या शाळेतल्या खोड्या सांगितल्या आणि दोघंही वेगवेगळ्या दिशांना बघत हसले. मग मास्तरांनी मला डोळ्याने खुणावलं. मी वही मांडीवर घेतली. "आपले ड्रायव्हर लोक," मी म्हणालो, "त्यांचं साधारण काय..."

"माझ्या ड्रायव्हरला मी दोनशे देतो," याकूब भाई म्हणाले. आठवड्याला दीडशेच्या वर ते कोणालाही देत नव्हते. त्यांच्या दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं, पण मालक बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं, त्यातून मास्तरांसमोर.

"दोनशे," चिनसामी बॉस सावकाश म्हणाला. "ठीक आहे. सुरुवातीला मीही तेवढेच द्यायचो. आता दोनशे वीस देतो."

बिसुनच्या हातातली करवंटी थोडी सांडली.

"आमच्याकडे सणाला वरून एक आठवडा जास्त असतो," याकूब भाई म्हणाले.

"आमच्याकडेही असतो. शिवाय पोराबाळांचा बसपास."

मी लिहीत होतो. माझं काम विचारणं आणि लिहिणं एवढंच. पण प्रत्येक आकडा दोनदा गिरवत होतो, कारण दोन्ही आकडे आमच्या सरकारी ड्रायव्हरच्या पुढे गेले होते. आजवर फिजीच्या इतिहासात असं कधी झालं नसावं. मी शेवटची ओळ काढली आणि घसा साफ केला. "हिशेबाचं काम करणारी व्यक्ती?"

"माझी हिशेबाची मुलगी परवाच ऑकलंडला गेली," याकूब भाई उसासा टाकून म्हणाले. "तीनशे देत होतो तिला."

चिनसामी बॉस हसला. छान मोकळं हसला. "तीनशे? म्हणूनच गेली बिचारी. मी तीनशे दहा देतो."

ओसरीवर कसावा सोलणारी सुरी थांबली. छपरीत सगळ्यांना ऐकू आलं की ती थांबली आहे. बॉसने त्या दिशेला पाहिलं नाही. मास्तरांनी शांतपणे टाळी वाजवली आणि म्हणाले, "मला अभिमान वाटतो तुमचा. माझ्या शाळेची पोरं. शिव, लिहिलंस ना नीट?"

"लिहिलं, मास्तर."

"वाच बरं एकदा सगळ्यांसमोर."

मी वाचलं. पातेल्याभोवती, मास्तरांसमोर, स्वतःच्याच ड्रायव्हरांच्या देखत उच्चारलेला शब्द परत गिळण्याची आमच्याकडे पद्धत नाही. दोन्ही मालकांनी माना हलवल्या.

घरी येईपर्यंत माझे पाय लाकडाचे झाले होते आणि डोकं मात्र लख्ख. "राजमती," मी म्हणालो, "हे आकडे खोटे आहेत. मी सरकारला खोटे आकडे कसे पाठवू?"

"गुरुवारपर्यंत खोटे," ती म्हणाली. "गुरुवारी पगार होतो. त्या दिवशी दिले, की खरे."

"आणि नाही दिले तर?"

ती कपाट उघडून ते पासपोर्टचे फोटो बघत बसली.

रविवारी आकडे गावभर फिरले. चर्चमधून बाहेर पडताना लोक तेच बोलत होते, मारियम्माच्या देवळातही तेच. बिसुनच्या बायकोने दोनशे वीस हा आकडा गिरणीतल्या बायकांना सांगितला, आणि दुपारपर्यंत गिरणीच्या मालकाला लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले की तुमचं काय. दोन माणसं मला भेटायला आली आणि त्यांनी विचारलं, तुम्ही पुन्हा कधी बसणार आहात, आमच्या मालकालाही बोलवा.

सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी चिनसामी बॉसची गाडी आमच्या दारात उभी राहिली. बॉस आत आला. शर्टाला इस्त्री नव्हती. राजमतीने पोलकं ठीक केलं, चहा ठेवला आणि समोर येऊन बसली. बॉसला वाटत होतं ती आत जाईल. ती गेली नाही.

"शिव भैया," बॉस माझ्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी जरा घोटाळा झाला. तुम्हा सरकारी लोकांना पंधरा दिवसांनी पगार मिळतो ना? मी तुझ्याशी बोलत होतो म्हणून पंधरा दिवसांचे आकडे सांगितले. तीनशे दहा पंधरा दिवसांचे. तेवढं दुरुस्त कर."

वाईट म्हणजे हिशेब बसत होता. तीनशे दहाचे निम्मे एकशे पंचावन्न. राजमतीच्या पगाराला अगदी लागून. नियमाप्रमाणे मालकाच्या तोंडचा आकडा मला लिहावाच लागणार होता. मी पेन काढलं आणि मला फार वाईट वाटलं. बायकोकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"लिहा," राजमती म्हणाली. "बॉस म्हणतायत तसं लिहा. एकशे पंचावन्न."

"बघ, ताईला पटलं," बॉस म्हणाला. "आणि वरचे पाच मी आजपासून देतो."

"फक्त मी जरा वेळाने कामावर येईन, बॉस. वाटेत याकूब भाईंकडे जायचंय. त्यांच्याकडे हिशेबाला माणूस नाही. शनिवारी तीनशे म्हणाले, ते आठवड्याचेच आहेत का तेवढं विचारून येते. बिसुनही येतो म्हणालाय, ड्रायव्हरचं विचारायला."

बॉसने चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. "याकूब तीनशे देणार? तो माणूस रेझगीसुद्धा मोजून देतो."

"मास्तरांसमोर बोललेत. आता त्यांनाही द्यावेच लागतील. तुमचे निम्मे आणि त्यांचे पूर्ण, हे गावात कळायला वेळ लागणार नाही."

बॉसने शर्टाची चुरगळलेली बाही सारखी केली. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मला त्याची थोडी दयाही आली. बापाने एका मोडक्या लॉरीवर सुरू केलेली कंपनी, दोन बसचे हप्ते, आणि आता समोर ही बाई, जिने आजवर त्याचा एक सेंट इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "परवडेल का गं मला?"

हा प्रश्न त्याने तिला पहिल्यांदाच विचारला होता. राजमती सरळ बसली. "परवडेल. दुपारच्या रिकाम्या फेऱ्या दोनच्या जागी एक करा. डिझेल त्या मेव्हण्याकडून घेणं बंद करा. तीन वर्षं सांगतेय मी. ड्रायव्हरांचं दोनशे वीस लगेच नाही जमणार, आता दोनशे करा आणि उरलेले ऊस सुरू झाला की. मी मांडून देते."

"आणि तुझे?"

"माझे तुम्ही शनिवारी सांगितलेत तेवढेच."

बॉसने माझ्याकडे पाहिलं. "शिव भैया, ड्रायव्हरचं खाली आण, दोनशे लिही. हिशेबाचं राहू दे तसंच."

"आठवड्याचे?" मी विचारलं. सरकारी माणसाने खात्री करून घ्यावी लागते.

"आठवड्याचे," बॉस म्हणाला, आणि चहा एका घोटात संपवला. "चल ताई, गाडी आहेच. जाता जाता त्या डिझेलचं सांग."

राजमतीने पर्स घेतली. दारात ती क्षणभर थांबली, माझ्याकडे बघून हसली, आणि तिचे डोळे भरून आलेले मला दिसले. मग ती बॉसच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली. तिचा पगार आता माझ्यापेक्षा वीस डॉलरनी जास्त झाला होता. मला आनंद झाला, खरंच झाला, आणि वीस डॉलर थोडे टोचले, तेही खरं. दहाच जास्त असते तर माझी हरकत नसती.

कप विसळून, टाय लावून, वही छातीशी धरून मी थांब्यावर गेलो. लिटिया मॅडमना हे आकडे दाखवायचे होते. सरकारने वाढ दिली तर दिली, नाही दिली तर बायकोच्या पगारावर मजेत दिवस काढायची माझी तयारी होती. चिनसामी कंपनीची बस आली. बिसुन चालवत होता. मला पाहून त्याने बस थांब्याच्या आधीच थांबवली, दार उघडलं आणि इंजिन बंद केलं. आतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"भैया, लिहिलंत?" बिसुनने विचारलं.

"लिहिलं. दोनशे. बाकीचे ऊस सुरू झाल्यावर."

"बॉस म्हणाले?"

"बॉसच म्हणाले. माझ्या घरी बसून."

बिसुनने मागे वळून आतल्या माणसांना दोन बोटं दाखवली. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मी मान तुकवून सगळ्यांचे आभार मानले आणि ऐटीत पुढच्या रिकाम्या सीटकडे निघालो.

"भैया," बिसुनने हात पुढे केला, "तिकिटाचे पैसे द्या. आता कंपनीला लागणार आहेत."